गरम पाण्याचं बिल नेमकं कुठे जातं? इलेक्ट्रिक बॉयलर, साठ मुलींचं हॉस्टेल आणि ८६० चा नियम

(हा भाग बोललो तसाच लिहिलाय. "अं", "म्हणजे ना" एवढं फक्त काढलंय. आकडेमोड कानाने पकडणं अवघड जातं असं बऱ्याच जणांनी कळवलं होतं, म्हणून सगळे आकडे इथे नीट दिलेत.)

आजचा विषय गरम पाणी. हसू नका. थंडीत तुमच्या घराच्या वीजबिलात सगळ्यात मोठा खाणारा बहुतेक वेळा गीझरच असतो, टीव्ही नाही आणि मोबाईलचा चार्जर तर मुळीच नाही. आणि एका घराचा गीझर सोडून अख्ख्या बिल्डिंगला गरम पाणी द्यायचं ठरवलं, म्हणजे हॉस्टेल, हॉस्पिटल, लॉज, तर चुकीच्या एका निर्णयाचे पैसे पुढची दहा वर्षं दर महिन्याला भरावे लागतात.

आजचं उदाहरण घरचंच आहे. माझी आत्या इथे छत्रपती संभाजीनगरमध्ये मुलींचं हॉस्टेल चालवते. चार मजले, १२ बाथरूम, ६० मुली. बहुतेक जणी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या. गरम पाण्याची धड सोय नाही म्हणून मुली खोलीत बादलीत रॉड लावतात. आत्याला भीती त्याची. तिने एका डीलरकडून कोटेशन मागवलं. त्यात लिहिलं होतं: ३० किलोवॅटचा इलेक्ट्रिक बॉयलर, लहान टाकी, चारही मजल्यांवर गरम पाण्याची लाईन, पाणी पाईपमध्ये चोवीस तास फिरत राहणार, "नळ सोडला की लगेच गरम". आत्याने मला फोटो पाठवला आणि खाली एकच ओळ: "तू इंजिनिअर ना, सांग बरं हे घेऊ का?"

मी सॉफ्टवेअरवाला. पण हे गणित दहावीच्या विज्ञानाचं आहे. चला, सोबत करू.

आधी एक गोंधळ मिटवू

इंटरनेटवर "इलेक्ट्रिक बॉयलर" शोधलं की युरोपातले व्हिडिओ येतात. तिथे बॉयलरचं मुख्य काम घर उबदार ठेवणं. बॉयलर पाणी तापवतो, ते पाणी खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरमधून फिरतं, थंड होऊन परत येतं आणि पुन्हा तापतं. तेच पाणी गोल गोल फिरत राहतं. आपल्याकडे मराठवाड्यात खोली तापवायची गरज कुणालाच नाही. उलट मे महिन्यात गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी दुपारी हाताला चटका देतं. आपल्याला गरम पाणी लागतं ते अंघोळीला, आणि ते वापरून संपतं. दर वेळी नवीन थंड पाणी आत येतं. त्यामुळे तिकडचे सल्ले जसेच्या तसे इकडे लावून चालत नाही.

दुसरी गोष्ट, "बॉयलर" हा शब्द. आपल्या देशात बॉयलरसाठी वेगळा कायदा आहे. १९२३ चा जुना कायदा होता, त्याच्या जागी २०२५ मध्ये नवा आला. पण त्या कायद्यातला बॉयलर म्हणजे दाबाखाली वाफ तयार करणारं भांडं. पाणी १०० अंशांच्या खालीच तापवणारं भांडं त्या व्याख्येतून बाहेर ठेवलंय. म्हणजे हॉस्टेलच्या गच्चीवर जो बसणार तो खरं तर एक मोठा गीझर. याचा अर्थ नीट समजून घ्या: तो तपासायला बॉयलर खात्याचा इन्स्पेक्टर येणार नाही. तो सुरक्षित आहे की नाही हे मालकालाच बघायचंय. या मुद्द्यावर पुढे येतोच.

८६० चा नियम

आज एकच आकडा लक्षात ठेवा: ८६०.

एक युनिट वीज, म्हणजे एक किलोवॅट-तास, ८६० लिटर पाणी १ अंशाने तापवते. किंवा ८६ लिटर पाणी १० अंशाने. किंवा २१.५ लिटर पाणी ४० अंशाने. लिटर गुणिले अंश, भागिले ८६०. उत्तर युनिटमध्ये. कंपनी कुठलीही असो, जाहिरात काहीही म्हणो, पाणी तापवणाऱ्या कॉइलसाठी हा आकडा बदलत नाही. कारण तो पाण्याचा गुणधर्म आहे.

आता आत्याचं हॉस्टेल. थंडीत टाकीतलं पाणी साधारण २० अंश धरू. अंघोळीला ४० अंश पुरे. एक बादली २० लिटर. म्हणजे २० लिटर गुणिले २० अंश, भागिले ८६०. जवळपास ०.४७ युनिट. साठ मुलींचे झाले २८ युनिट. रविवारी केस धुवायचा दिवस, तेव्हा दीडपट धरा. पण रोजचं मूळ गणित २८ युनिट.

हे २८ युनिट म्हणजे अंगावर प्रत्यक्ष पडणारी उष्णता. यापेक्षा जास्त जे काही बिलात दिसेल, ते कुठेतरी वाया गेलेलं आहे. ते कुठे जातं, एवढाच खरं तर आजच्या भागाचा प्रश्न.

"आमचा बॉयलर ९९ टक्के एफिशियंट"

कोटेशनमध्ये हे मोठ्या अक्षरात होतं. आणि ते खोटं नाही. पण त्यात कौतुक करण्यासारखंही काही नाही.

आपल्या आजीच्या घरचा तांब्याचा बंब आठवा. मधल्या नळीत लाकडं, कोळसा, भोवती पाणी. बरीचशी उष्णता नळीतून धुरासोबत वर निघून जायची. विजेच्या बॉयलरला धुराडंच नाही. कॉइल पाण्यातच बुडालेली. तिची उष्णता जाणार कुठे? पाण्यातच. त्यामुळे पाचशे रुपयांचा रॉड घ्या नाहीतर पाच लाखांचा बॉयलर घ्या, वीज उष्णतेत बदलण्याच्या कामात दोघेही जवळजवळ १०० टक्के. या आकड्यावर दोन बॉयलरची तुलना करणं म्हणजे "आमच्या फोनमध्ये कॉल करता येतो" असं सांगून फोन विकणं.

इथे क्षारांबद्दलचा एक गैरसमजही काढून टाकू. बोअरच्या पाण्याने कॉइलवर पांढरा थर बसतो आणि त्यामुळे बिल वाढतं, असं सगळे सांगतात. विजेच्या गीझरमध्ये बिल फारसं वाढत नाही. थर असला तरी उष्णता शेवटी पाण्यातच जाते. त्रास वेगळा होतो. थर उष्णता अडवतो, म्हणून आतली कॉइल स्वतः जास्त तापते आणि लवकर जळते. क्षार थर्मोस्टॅटच्या नळीवरही बसतात, मग त्याला तापमान उशिरा कळतं. म्हणजे फटका युनिटमध्ये नाही, दुरुस्तीत आणि सुरक्षिततेत बसतो.

आपल्या शहरात हे जास्त. जायकवाडीचं पाणी रोज येत नाही, मधल्या दिवसांत बोअर किंवा टँकर. काळ्या पाषाणातून आलेलं बोअरचं पाणी जड असतं, आणि पाणी जितकं जास्त तापवाल तितका चुनखडीचा थर पटापट बसतो. म्हणून टाकी ७५ अंशांवर ठेवायची हौस नको.

मग वीज वाया जाते कुठे? पाईपमध्ये

आता कोटेशनमधली ती "लगेच गरम" वाली लाईन बघू.

बॉयलर गच्चीवर, बाथरूम चार मजल्यांवर. नळ सोडल्यावर गरम पाणी यायला वेळ लागतो, कारण पाईपमध्ये आधी उभं असलेलं थंड पाणी बाहेर पडावं लागतं. पाऊण इंची पाईप २० मीटर असेल तर त्यात साधारण ६ लिटर पाणी मावतं. ज्या शहरात पाणी मोजून वापरावं लागतं तिथे सकाळी हे ६-६ लिटर मोरीत सोडणं जिवावर येतं. यावर उपाय म्हणजे रिंग लाईन: पाणी पंपाने सतत फिरवत ठेवायचं, म्हणजे प्रत्येक नळाजवळ गरम पाणी तयार. सॉफ्टवेअरच्या भाषेत, युजरला थांबावं लागू नये म्हणून सर्व्हर चोवीस तास चालू ठेवण्यासारखं.

पण त्याचं भाडं लागतं. इंचभर जाडीचा उघडा पाईप, आत ५५ अंशाचं पाणी, बाहेर २५ अंश हवा. दर मीटरला ढोबळमानाने ३० वॅट उष्णता हवेत जाते. त्यावर चांगलं इन्सुलेशन चढवलं की साधारण १० वॅट. आत्याच्या बिल्डिंगमध्ये जाऊन-येऊन लाईन १०० मीटर.

- उघडा पाईप, चोवीस तास पंप: ३,००० वॅट, म्हणजे दिवसाला ७२ युनिट.
- इन्सुलेशन चढवलेला पाईप, चोवीस तास पंप: दिवसाला २४ युनिट.
- इन्सुलेशन आणि पंप फक्त सकाळी साडेपाच ते नऊ: साडेतीन युनिट. रात्री गार झालेला पाईप सकाळी पुन्हा तापवायला आणखी २. म्हणजे साडेपाच.

पहिली ओळ परत वाचा. मुलींच्या अंगावर पडणार २८ युनिट, आणि भिंती तापवायला जाणार ७२. कोटेशनमध्ये इन्सुलेशनचा उल्लेखच नव्हता, आणि टायमरचाही. आत्याने डीलरला फोन करून विचारलं, तर उत्तर आलं, "मॅडम, इन्सुलेशनचे वेगळे पैसे लागतील." घ्या!

युनिटला १० रुपये धरू, हिशोब सोपा जावा म्हणून. ७२ आणि साडेपाच यातला फरक साडेसहासष्ट युनिट. दिवसाला ६६५ रुपये, महिन्याला जवळपास २० हजार. हा फरक बॉयलरच्या कंपनीमुळे पडत नाही. फोमची नळी आणि एक टायमर यांच्यामुळे पडतो.

एका श्रोत्याने मागे विचारलं होतं, "आमच्या २४ फ्लॅटच्या सोसायटीत सेंट्रल बॉयलर बसवावा का?" त्याचं उत्तर इथेच मिळतं. फ्लॅटमध्ये प्रत्येकाच्या अंघोळीची वेळ वेगळी, त्यामुळे लाईन दिवसभर गरम ठेवावी लागते. शिवाय कुणी किती वापरलं यावरून मीटिंगमध्ये भांडणं. गीझर बाथरूममध्येच असेल तर पाईप दोन मीटरचा. सोसायटीला माझं मत: ज्याच्या त्याच्या घरी चांगला स्टोरेज गीझर. त्यावरचे स्टार बघून घ्या. स्टोरेज गीझरचे स्टार पाणी किती पटकन तापतं यावर दिलेले नसतात. बंद ठेवल्यावर टाकीतली उष्णता किती गळते, त्यावर असतात. हॉस्टेल, हॉस्पिटल, लॉज, जिथे बरीच माणसं ठराविक वेळेत अंघोळ करतात, तिथेच सेंट्रल सिस्टिम शोभते.

३० किलोवॅट कुठून आले?

हा आकडा डीलरने हवेतून काढला नव्हता. २८ युनिट एका तासात पाहिजेत असं धरलं तर २८ किलोवॅट लागतात. वर थोडं धरून ३०. गणित बरोबर आहे. धरलेली गोष्ट चुकीची आहे. पाणी अंघोळीच्या तासातच तापवायचं, असं कुणी सांगितलं?

किलोवॅट आणि युनिट यातला फरक इथे कामाला येतो. युनिट म्हणजे एकूण काम, किलोवॅट म्हणजे कामाचा वेग. २८ युनिट तुम्ही ३० किलोवॅटने तासाभरात तापवा नाहीतर ९ किलोवॅटने तीन तासांत तापवा, पाणी तेवढंच गरम होतं. पण ३० किलोवॅटला थ्री फेजमध्ये प्रत्येक फेजवर सुमारे ४२ अँपिअर लागतात. त्यासाठी मंजूर भार वाढवा, जाड केबल ओढा, पॅनल बदला. ९ किलोवॅटला प्रत्येक फेजवर साडेबारा अँपिअर पुरतात.

बाथरूममध्ये इन्स्टंट गीझर लावू म्हणाल तर तीच गोष्ट आणखी वाईट. ३ किलोवॅटचा इन्स्टंट गीझर २० अंशाचं पाणी ४० अंशाला आणून मिनिटाला जेमतेम २ लिटर देतो. बादली भरायला नऊ मिनिटं. आणि बाराही बाथरूम एकदम चालू झाले तर ३६ किलोवॅट.

उपाय म्हणजे मोठी टाकी. गरम पाण्याची टाकी ही विजेची सगळ्यात स्वस्त बॅटरी आहे. ६० अंशाचं पाणी साठवा, अंघोळीच्या वेळी तेवढंच थंड पाणी मिसळलं की ४० अंश. म्हणजे १,२०० लिटर अंघोळीच्या पाण्यासाठी ६० अंशाचं ६०० लिटर साठवलं तरी पुरतं. पाणी वापरताना खालून थंड पाणी आत शिरतं आणि थोडं मिसळतं, म्हणून ८०० लिटरची टाकी धरा. रविवारची सोयही बरीचशी त्यात होते.

टाकीतली उष्णता रात्रीत निघून जात नाही का? जाते, पण किती ते बघा. ५० मिलिमीटर जाड पफ भरलेल्या अशा टाकीतून दिवसभरात साधारण २ ते ३ युनिट गळतात. संध्याकाळी ६० अंश असलेलं पाणी सकाळी ५८ अंश. मुलींना कळणारही नाही.

केव्हा तापवायचं?

आता गंमत सुरू होते. टाकी असली की वेळ आपल्या हातात येते.

महाराष्ट्रात ज्या घरगुती ग्राहकांकडे स्मार्ट मीटर आहे त्यांच्यासाठी १ जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर सवलत सुरू झाली, सुरुवातीला युनिटमागे ८० पैसे. दर आणि आदेश बदलत राहतात, आणि हॉस्टेलचा टॅरिफ वेगळा असू शकतो. म्हणून बिलावर कुठला टॅरिफ छापलाय आणि वेळेनुसार दर आहे का, ते आधी बघा. पण दिशा स्पष्ट आहे: दुपारी सोलरची वीज भरपूर असते, तेव्हा वापरा.

हे जगभर चाललंय. ब्रिटनमध्ये १९७८ पासून रात्रीचे सात तास स्वस्त वीज द्यायची योजना होती, लोक रात्री पाणी तापवून ठेवायचे. फ्रान्समध्येही घराघरांतल्या पाण्याच्या टाक्या वर्षानुवर्षं रात्रीच्या स्वस्त दरात तापत आल्या. आता तिथेही स्वस्त तासांचा काही भाग दुपारकडे सरकवायला सुरुवात झालीय. कारण तेच, सोलर.

म्हणून आत्याला मी सुचवलं: सकाळी नऊपर्यंत अंघोळी आटोपतात, टाकीत थंड पाणी भरलेलं असतं. अकरा वाजता टायमरने कॉइल सुरू. दोन-अडीचपर्यंत टाकी ६० अंशावर. पुढे काही नाही. पहाटे चारला एकच तपासणी: पाणी ५० अंशांच्या खाली असेल तरच कॉइल चालू. दुपारी लाईट गेली असेल तर हा फॉलबॅक. आणि ९ किलोवॅटची एक मोठी कॉइल नको, ३ किलोवॅटच्या तीन घ्या, प्रत्येक फेजवर एक. जड पाण्याने एक जळली तरी दोघी मिळून पावणेपाच तासांत काम उरकतात. एका कॉइलसाठी साठ जणींची अंघोळ अडायला नको.

पण वीजच का? हीट पंप का नाही?

हा प्रश्न योग्य आहे, आणि मी बॉयलर विकत नसल्यामुळे सरळ उत्तर देऊ शकतो.

हॉस्टेलच्या गच्चीवर वीज १०० टक्के उष्णता होते हे खरं. पण ती वीज आली कुठून? आपल्या मराठवाड्यातल्या परळीच्या औष्णिक केंद्रासारख्या ठिकाणी कोळसा जाळून. तिथे कोळशातल्या उष्णतेचा जेमतेम तिसरा हिस्सा विजेत बदलतो. म्हणजे आधी उष्णता, मग तिची वीज, मग परत त्या विजेची उष्णता. हा द्राविडी प्राणायामच आहे.

हीट पंप उष्णता तयार करत नाही, हवेतून उचलून पाण्यात टाकतो. फ्रीजचं उलटं काम. आपल्या हवेत एक युनिट विजेत तो साधारण तीन युनिट उष्णता देतो. म्हणजे ८६० चा नियम मोडला नाही, उरलेले दोन युनिट हवेने दिले. बाहेरची हवा जितकी उबदार तितकं त्याचं काम सोपं, म्हणून त्यालाही दुपारीच चालवायचं.

आत्याचा हिशोब: अंघोळीचे २८, टाकीतून गळणारे ३, लाईनचे साधारण ६. मिळून ३७ युनिट. कॉइलवर दिवसाला ३७०, हीट पंपवर सव्वाशेच्या आसपास. महिन्याला सात हजारांहून जास्त फरक, पण थंडीत. उन्हाळ्यात पाणी मुळातच कोमट, तेव्हा फरक कमी. हीट पंपची सुरुवातीची किंमत मात्र बरीच जास्त. बारा महिने साठ मुली असतील तर तो पैसे वसूल करतो. दोन महिने चालणाऱ्या लॉजला कॉइलच बरी.

सोलर हीटर तर आहेच. राज्याच्या २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत हॉटेल, हॉस्पिटल, हॉस्टेल अशा इमारतींसाठी सोलरची तरतूदही आहे. पण त्यातही ढगाळ दिवसांसाठी विजेची बॅकअप कॉइल असते, म्हणजे पुन्हा आपला इलेक्ट्रिक बॉयलरच. ती कायम चालू ठेवू नका. संध्याकाळी पाणी वापरलं की कॉइल रात्रीतच टाकी तापवून ठेवते, आणि सकाळी ऊन येतं तेव्हा त्याला काम उरत नाही. सोलरचे पैसे भरून वीज जाळायची. तिथेही तोच उपाय: पहाटेचा टायमर.

आता जिवाची गोष्ट

पैशाचं झालं. पण आत्याची भीती पैशाची नव्हती.

बादलीतला रॉड साधारण दीड किलोवॅटचा. त्याला साडेसहा अँपिअर लागतात. खोलीतलं लहान सॉकेट ६ अँपिअरचं. म्हणून ते काळं पडतं. पण खरा धोका पाण्यात करंट उतरण्याचा. "आमच्याकडे एमसीबी आहे" असं सगळे म्हणतात. १६ अँपिअरचा एमसीबी वायर वाचवायला असतो, माणूस वाचवायला नाही. माणसाच्या जिवाला अँपिअरच्या शंभराव्या हिश्श्यातले करंट पुरतात, एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. त्यासाठी आरसीसीबी लागतो, ३० मिलिअँपिअरचा, आणि खरंखुरं अर्थिंग. तुमच्या पीजीमध्ये तो आहे का, आजच बोर्डात बघा. त्यावर "टेस्ट" लिहिलेलं बटण असतं.

गॅस गीझर स्वस्त पडतो, पण बंद बाथरूममध्ये त्यातून कार्बन मोनॉक्साईड साचतो. त्याला वास नाही, रंग नाही. दर हिवाळ्यात अशा मृत्यूंच्या बातम्या आपण वाचतो. गॅस गीझर असलाच तर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत.

गच्चीवरच्या बॉयलरसाठी पाच गोष्टी:

१. थर्मोस्टॅट आणि त्याच्यापेक्षा वेगळा कटआउट. एक अडकला तर दुसरा वीज तोडतो.

२. वाफेला आणि फुगणाऱ्या पाण्याला वाट. २० पासून ६० अंशांपर्यंत तापताना पाणी दीड टक्का फुगतं. ८०० लिटरमागे १२ लिटर. ते जाणार कुठे? व्हेंट पाईप किंवा सेफ्टी व्हॉल्व्हमधून. "व्हॉल्व्ह ठिबकतो" म्हणून त्यावर टोपी बसवणारे प्लंबर आहेत. असं कधीच करू देऊ नका. दाबाखाली १०० अंशांच्या वर गेलेलं पाणी मोकळं झालं की त्याची वाफ होते आणि पाण्याच्या सोळाशे पटींहून जास्त जागा मागते. टाकी फुटते ती अशी.

३. पाण्याची पातळी बघणारा स्विच. आपल्याकडे पाणी कधी येईल याचा नेम नाही. टाकी कोरडी असताना टायमरने कॉइल सुरू केली तर ती काही मिनिटांत जाते.

४. तापमान ६० अंश. फार कमी नको, कारण कोमट साचलेल्या पाण्यात लिजिओनेला नावाचे जिवाणू वाढतात. १९७६ मध्ये फिलाडेल्फियात एका अधिवेशनाला आलेल्या लोकांमध्ये त्यांच्यामुळे न्यूमोनियाची साथ आली, तेव्हा जगाला ते कळले. फार जास्तही नको, कारण ६० अंशाचं पाणी थेट अंगावर आलं तर पाचेक सेकंदात गंभीर भाजतं. म्हणून लाईनच्या सुरुवातीला थंड पाणी मिसळणारा मिक्सिंग व्हॉल्व्ह बसवायचा, म्हणजे नळाला ५० अंशांच्या आसपास पाणी येतं. अंघोळीला बादलीत आधी थंड पाणी, मग गरम.

५. वर्षातून एकदा, दिवाळीच्या आधी, टाकी उघडून क्षार काढणे आणि मॅग्नेशियमची अ‍ॅनोड कांडी बघणे. ती कांडी स्वतः गंजते म्हणून टाकी वाचते. संपली असेल तर बदला.

डीलरला काय विचारायचं?

आत्याला मी शेवटी प्रश्नांची यादी पाठवली. तुम्हीही स्क्रीनशॉट काढून ठेवा.

किती लिटर, किती अंश? ८६० ने भागून युनिट सांगा. टाकी किती तासांत तापणार, आणि ते तास दिवसाचे कुठले? लाईन किती मीटर, इन्सुलेशन किती जाड, पंपाला टायमर आहे का? कॉइल एक की अनेक? कटआउट, व्हॉल्व्ह, पातळीचा स्विच, आरसीसीबी कोटेशनमध्ये धरलेत की "वेगळे पैसे"? आणि टाकी कोरडी असताना चालू केली तर काय होतं, ते बसवून झाल्यावर माझ्यासमोर दाखवणार का?

या प्रश्नांवर जो वैतागेल, त्याच्याकडून घेऊ नका. जो वही काढेल, त्याला चहा पाजा.

आत्याने सध्या ८०० लिटरची टाकी, तीन कॉइल, इन्सुलेशन आणि दोन टायमर असं नवीन कोटेशन मागवलंय. टाकीला हीट पंपसाठी दोन जोडण्या आधीच ठेवायला सांगितल्यात, पुढच्या वर्षी पैसे जमले की तो लावता येईल. आणि आरसीसीबी मात्र कोटेशनची वाट न बघता, त्याच आठवड्यात प्रत्येक मजल्यावर बसवला.

तुमच्या हॉस्टेलमध्ये, पीजीत, सोसायटीत गरम पाण्याची काय सोय आहे? लिटर, मजले आणि वेळ एवढं लिहून पाठवा, युनिटचं गणित आपण पुढच्या भागाच्या सुरुवातीला करू. पुढचा भाग थंड पाण्याचा: बिल्डिंगचा पंप सकाळी सहालाच का चालतो आणि दुपारी का चालू शकत नाही? तोवर काळजी घ्या. आणि हो, रॉड प्लगमधून काढल्याशिवाय बादलीत हात घालू नका.